बयाबाईचा धोका

वॉशिंग मशीन होडीत चढवलं तेव्हाच दीपकला काय ते कळायला हवं होतं. पण कळायला हवं त्याच वेळी माणसाला कळलं असतं, तर जगातल्या निम्म्या भानगडी झाल्याच नसत्या.

दीपक मुंबईला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. जुनं आणा, नवं न्या, असं काहीतरी दुकानात चालू होतं. त्यात आलेलं एक बऱ्यापैकी धडधाकट मशीन मालकानं "जागा अडवतंय, घेऊन जा" म्हणत त्याच्या गळ्यात मारलं. मे महिन्याच्या सुट्टीला दीपकनं ते पांढऱ्या चादरीत गुंडाळून टेम्पोत टाकलं, महाडपर्यंत आणलं आणि तिथून सावित्रीच्या काठाला. वाडी पलीकडच्या काठावर. पूल होता, नाही असं नाही, पण पुलावरून जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. म्हणून अख्खी वाडी होडीनं ये-जा करायची, आणि होडी होती दीपकच्या बापाची, येसाजीची. जमीन दोन्ही काठांना म्हणून पेंढा नि गुरं न्यायला आजोबांनी ती बांधली, आणि मग माणसंही बसायला लागली ती लागलीच.

चार जणांनी मशीन उचलून होडीत मधोमध उभं केलं. येसाजी मागे वल्हं धरून बसला होता. त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले आणि अदबीनं म्हणाला,

"पावणं, बसून घ्या. उभ्यानं होडी डुलते."

सगळी होडी हसली. दूध घालून परत निघालेली बनुबाई तर इतकी हसली की तिची रिकामी कासंडी पाण्यात पडता पडता राहिली. "काय बाय येसाजीदादाची मस्करी!" दीपकही पोट धरून हसला. बाबा अजून कसले फिट आहेत, असं त्याला वाटलं. येसाजीही हसला, सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं.

हे मशीन दीपकनं हौसेखातर आणलं नव्हतं. त्याची बायको नूतन गावी सासू-सासऱ्यांजवळ राहायची, आणि तो घरी आला की दरवेळी तिची एकच तक्रार असायची.

"सासूबाईंना सांगा काहीतरी. सकाळपासून नदीवर. धुतलेलं धुतात, वाळलेलं पुन्हा भिजवतात. तुमचा तो चौकड्याचा शर्ट बघितलात? कॉलर नि बटणं, एवढंच राहिलंय. मी म्हटलं, अहो आई, ही गोधडी परवाच धुतलीत ना? तर म्हणतात, काय म्हणालीस, भाजी? केलीय की."

बयाबाईला ऐकू कमीच यायचं. पण अंगानं काटक. होडी लागायच्या जागेलगत, उताऱ्यालगतच, धुण्याचा दगड होता. तिथं ती पदर खोचून बसायची आणि लाकडी धोक्यानं कपडे बडवायची. शहरातल्या लोकांना धोका म्हटलं की लाल पाटी आठवते. त्या बाजूला कपडे बडवायच्या दांडक्यालाही धोकाच म्हणतात. बयाबाईचा धोका सागाचा होता, सासूकडून आलेला, आणि त्याचा धप् धप् आवाज पार पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. तिच्या तळहाताच्या भेगा बघून दीपकला भरून आलं होतं. बाकी मुलगे आईला काशीला नेतात, आपण निदान मशीन तरी आणू!

घरी आल्यावर कळलं की गावात वेगळंच धुणं चाललं आहे.

सयाजीनं इंजिनाची होडी आणली होती. सयाजीनं सारी उमर ट्रक चालवला होता, आता गावी येऊन राहिला होता आणि त्याचं म्हणणं होतं, की गावाची फेरी आता त्याच्याकडे द्यावी. संध्याकाळी बहिरीच्या देवळात सगळे जमले. देवळात देव बहिरी आणि खांबाला टेकून बसलेली बयाबाई बहिरी. बाकी सगळे बोलणारे.

"मी काय वंगाळ बोलत नाय," सयाजी म्हणाला. "दादा मला बापासारखा. पण वय झालंय. उद्या होडी गाळात घातली, कोणाचं पोर पाण्यात पडलं, मंग? धोका हाय ना!"

"दादाचं वय किती म्हणायचं?" सरपंच हैबतीनं विचारलं.

"कोणाला म्हाईत? तुमच्या बापाचं वऱ्हाड त्यांनीच आणलं होतं," बनुबाई म्हणाली. "वय कशाला इचारता? होडी कधी कुठं लागली काय ते इचारा."

होडी कधीच कुठे लागली नव्हती. दगडाला नाही, गाळाला नाही. येसाजी उताऱ्याच्या त्या चिंचोळ्या पाण्यात ओहोटीलासुद्धा अशी होडी घालायचा की काठावरचे बगळे उडायचे नाहीत. उताऱ्याच्या डाव्या हाताला येसाजीचं घर, आणि घराच्या पुढ्यात नुसता गाळ. ओहोटीला म्हैस रुतली तर भरतीपर्यंत निघायची नाही. त्या गाळाला इतक्या वर्षांत येसाजीच्या होडीचा वाससुद्धा लागला नव्हता.

"पण रिस्क कशाला घ्यायची?" असं कोणीतरी म्हणालं, आणि दीपकला नवल वाटलं, कारण तो आवाज त्याचाच होता. "बाबांनी लय केलं. आता त्यांनी बसावं."

येसाजीनं मान वळवली. दीपककडे नाही, दीपकच्या शेजारच्या खांबाकडे. "बसावं?" तो खांबाला म्हणाला. "होडीत काय मी उभा असतो काय रे? बसलेलोच असतो. होडी काढून घेतलीस तर बसू कुठं?"

बाबा रागानं आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, असं दीपकला वाटलं आणि तो ओशाळला.

"धोका हाय, धोका हाय" असं चारी बाजूंनी चाललं होतं. तो एक शब्द बयाबाईच्या कानात कुठून तरी शिरला. ती ताडकन म्हणाली,

"धोका हाय तवर होडीला काय व्हत नाय!"

देऊळ हसून हसून खाली यायचं बाकी राहिलं. दीपकनं तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "आई, त्या धोक्याचं नाय गो! हे लोक दुसऱ्या धोक्याचं बोलतायत!"

"मी त्याच धोक्याचं बोलतेय!" बयाबाई म्हणाली. लोक आणखीनच हसले. बिचारी, ऐकू येत नाही म्हटल्यावर काय करणार! मग ती येसाजीकडे एकवार बघून गप्प झाली, ती झालीच.

हैबतीनं निकाल दिला. "उद्या ओहोटी लागली की मी नि सयाजी होडीत बसतो. पलीकडं जायचं, परत यायचं. कुठं लागली नाय तर होडी येसाजीदादाची, परत कोणी बोलायचं नाय. लागली तर सयाजीची. काय दादा?"

"माझी ना नाय," येसाजी म्हणाला. घरी येताना तो नेहमीसारखा बयाबाईच्या मागे मागे, तिच्या बांगड्यांच्या नादानं चालत होता. म्हातारपणी काय प्रेम आहे, असं नूतन हळूच दीपकला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीपकनं पडवीत मशीन मांडलं. पडवीची जमीन शेणानं सारवलेली, एका अंगाला उतरती. मशीन एका पायावर लंगडत उभं राहिलं. त्यानं घरातलं सगळं कापडचोपड गोळा केलं, अगदी पायपोससुद्धा. बयाबाई धोका घेऊन नदीकडे निघाली तशी त्यानं तिला दारातच अडवलं आणि हातातला धोका काढून घेतला.

"आजपासून तुझा धोका रिटायर!" असं म्हणून त्यानं तो माळ्यावर टाकला आणि आईला खुर्चीत बसवलं.

"अरे, जाऊ दे मला."

"काय धुणार? सगळे कपडे मशीनमध्ये हायत."

"एक तरी दे. फडकं दे. गोणपाट दे!"

"आई, लोक आरामासाठी तरसतात नि तू गोणपाट मागतेस?"

बयाबाईनं नदीकडे पाहिलं. पलीकडून होडी सुटली होती. तिचं तोंड एवढंएवढं झालं. काहीतरी बोलायला तिनं ओठ उघडले, पण अंगणात होडी बघायला जमलेली मंडळी उभी होती. तिनं ओठ मिटले. सवय, दीपकच्या मनात आलं. सवय जाता जात नाही म्हाताऱ्या माणसांची. आणि तो प्रेमानं हसला. त्या हसण्याची त्याला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली.

इकडे दीपकनं भिजलेली गोधडी पिळायच्या भांड्यात कोंबली आणि बटण फिरवलं. आता, बयाबाईची गोधडी म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. तीन लुगडी, दोन धोतरं आणि कुणाकुणाचे सदरे मिळून झालेली ती गोधडी एका बाजूला गोळा झाली आणि मशीनच्या अंगात वारं आलं. धाड्! धाड्! धाड्! ते लंगडं मशीन एका जागी उडायला लागलं. पडवीचे वासे हादरले, कोंबड्या परसात पळाल्या, नूतन हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

"अहो, हे चाललंय कुठं?"

मशीन खरंच चाललं होतं. इंचाइंचानं दाराकडे सरकत होतं, आणि दीपक त्याला मिठी मारून मागे ओढत होता. आवाज असा, की पार देवळापर्यंत पोचावा. धप्, धप्, धप्. ऐकणाऱ्याला वाटावं, बयाबाई आज जोरात आहे.

तेवढ्यात नदीवरून हैबतीची आरोळी आली. "ओ दादा! तिकडं कुठं? उतारा इकडं हाय!"

आणि येसाजीचा शांत आवाज आला, "बरोबर चाललोय. गप बसा."

दीपकनं मशीनला मिठी मारलेली असतानाच मान वळवली. होडी उताऱ्याकडे यायच्या ऐवजी तोंड फिरवून सरळ त्याच्या पडवीकडे येत होती. मध्ये गाळ. सयाजी उभा राहून हातवारे करत होता. येसाजी मात्र मान तिरकी करून, एक कान पुढे देऊन, ठाम हातानं वल्हं मारत होता.

बयाबाईला आवाज धड ऐकू आला नव्हता. पण पायाखालची जमीन हादरलेली तिला कळली आणि होडी कुठे वळली तेही दिसलं. ती खुर्चीतून उठली आणि दीपकच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. "बंद कर! बंद कर मेल्या ते!"

"घाबरू नको आई, मशीन हाय, भूत नाय! आत्ता थांबेल!"

रोज दुपारी न चुकता जाणारी लाईट त्या दिवशी गेली नाही. बटण फिरवलं तर ते हातात आलं. शेवटी नूतननं पिठाच्या हातानं वायर ओढली आणि मशीन एकदाचं मेलं.

गपकन सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत नदीतून आवाज आला, भस्स्! होडी नाकाडापर्यंत गाळात गेली होती.

दीपक अंगणाच्या कडेला धावला. तिथून होडी इतकी जवळ होती की बाबांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. येसाजीनं वल्हं वर उचलून धरलं होतं. तो मान इकडे वळवत होता, तिकडे वळवत होता, कान देत होता, आणि त्याचे डोळे उघडे होते पण कुठेच बघत नव्हते. काठावरचं पोर हरवलेल्या आईला शोधतं तसा तो तो आवाज शोधत होता. मागे बयाबाई उघड्या हातानंच दाराच्या उंबऱ्यावर धपाधप मारत होती. भेगांच्या तळव्यांनी मारून मारून तो कितीसा आवाज होणार?

पावणं, बसून घ्या. देवळातला खांब. बांगड्यांचा नाद. धुतलेली गोधडी. सगळं एकदम दीपकच्या डोक्यात आलं. बाबांना दिसत नव्हतं. आई धुणं धूत नव्हती, होडी आणत होती. आणि त्यानं, शहाण्यानं, आईच्या हातातला धोका काढून घेऊन नदीचा काठच उचलून पडवीत आणून ठेवला होता.

पुढचा तमाशा गाव अजून सांगतं. सयाजी होडी ढकलायला उतरला तो मांडीपर्यंत रुतला, त्याला ओढायला हैबती वाकला तो धुवट कपड्यांसकट त्याच्यावर पडला. मग दोघे निमूट होडीत येऊन बसले. भरती येईपर्यंत दुसरा इलाजच नव्हता. चिखलानं माखलेल्या सयाजीनं कपाळाला हात लावला. "पावसाळ्यात कशेडी घाटात दरड कोसळायची, तेव्हापण येवढा अडकलो नव्हतो!" काठावरचे हसले. येसाजी हसला नाही. तो वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसून राहिला.

संध्याकाळी पाणी चढल्यावर होडी उताऱ्याला लागली. येसाजीनं वल्हं सयाजीच्या हातात दिलं आणि बांधावर जाऊन बसला. दीपक त्याच्या शेजारी बसला.

"बाबा, चूक तुमची नाय. मशीनचा आवाज… मी सरपंचांना सांगतो सगळं."

"काय सांगशील? म्हातारा आंधळा हाय म्हणून?" येसाजी हळू आवाजात म्हणाला. "त्यापरीस चुकला म्हणू दे. चुकतो तो नावाडीच असतो रे. आंधळा म्हटलं की मी इतकी वर्षं लोकांना फसवलं, असं व्हईल."

"पण फसवलंतच की, बाबा," दीपकच्या तोंडून निघून गेलं. "पोरं बसायची होडीत."

येसाजी नदीच्या आवाजाकडे वळला. "व्हय," तो म्हणाला. "ते पण खरंच हाय. रोज वाटायचं, उद्या सांगू. पण आवाज बरोबर यायचा ना. जाताना पलीकडचे ट्रकचे हॉर्न, येताना हिचा धोका. नशीब माझं, हिला धुण्याचा नाद हाय. तिला मात्र सांगू नको, मला दिसत नाय म्हणून. उगाच जीवाला लावून घेईल."

घरात आल्यावर बयाबाईनं दीपकला चुलीपाशी ओढलं. "त्यांना बोलू नको हां, मला म्हाईत हाय म्हणून. पुरुषमाणूस हाय. खचेल."

दीपकनं नुसती मान हलवली. त्या घरात बोलायची सोयच राहिली नव्हती.

सुट्टी संपायच्या आत तो बापाला महाडला डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशी त्याची समजूत होती. डॉक्टरनं पुन्हा पुन्हा तपासलं. "काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही. काही वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" दर सुट्टीला घरी येणाऱ्या, बापाच्या हातून होडीतून उतरणाऱ्या दीपकनं मान खाली घातली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बयाबाईनं तोंडावर हात मारून घेतला. "अगो बाय! यांना दिसत नाय? आनि मला पत्ता नाय?" असं काही नाटक केलं की नूतन बघतच राहिली. येसाजीनं दीपकचा दंड दाबला. "बघ," तो पुटपुटला, "म्हटलं नव्हतं? तिला काय पण म्हाईत नव्हतं."

दीपकनं माळ्यावरून धोका काढून आईच्या हातात दिला. पण आता तो घेऊन ती करणार काय! मशीन पुन्हा कुणी चालू केलं नाही. पावसाळ्यात त्यात खुडूक कोंबडी बसली आणि तिला हुसकायची कुणाची छाती झाली नाही.

त्यानंतर दीपक आला तो थंडीत, पहाटेच्या एसटीनं. सावित्रीवर असं धुकं की काठावर उभं राहून स्वतःचे पाय दिसू नयेत. सयाजीनं इंजिन चालू केलं, थोडं पुढे नेलं आणि मधोमध पाण्यात एकदम बंद केलं.

"काय झालं? बिघडलं?"

"गप. ऐक."

धुक्यातून आवाज आला. धप्. धप्. धप्. सयाजीनं बांबू हातात घेतला आणि त्या आवाजाच्या रोखानं होडी रेटायला लागला. "मला तरी कुठं दिसतंय?" तो म्हणाला. "धुकं पडायला लागल्यापास्नं असाच येतो. हा आवाज नसता तर मी रोज तुमच्या गाळात."

होडी हलकेच उताऱ्याला लागली. दीपक उतरला. आईच्या हाताला अजून विश्रांती नाहीच, असं मनात येऊन त्यानं दगडाकडे पाहिलं. दगडावर धोका मारत येसाजी बसला होता. पुढ्यात एक जुनं गोणपाट. शेजारी घोंगडीत गुरफटून बयाबाई बसली होती, डोळे धुक्यात लावून. होडी काठाला लागली की ती त्याच्या पाठीवर बोट टोचत असावी, कारण आत्ताही तिनं बोट टोचलं आणि तो थांबला.

"सयाजी," येसाजीनं विचारलं, "कुठं लागली नाय ना रे?"

"नाय दादा. अजिबात नाय."

येसाजीनं मान डोलावली. दीपक त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. बयाबाई त्याला बघून हसली आणि सवयीनं ओठांवर बोट ठेवलं.  बाबा, मी आलो, एवढे तीन शब्द दीपकच्या तोंडून बाहेर येईनात. समोर कुणीतरी उभं आहे एवढं मात्र येसाजीला जाणवलं. त्यानं धोका बाजूला ठेवला, मान वर केली आणि अदबीनं म्हणाला,

"पावणं, उभं का? बसून घ्या."

दीपक ओल्या दगडावर बापाशेजारी बसला.